दोन हवांचं घर

आमचं घर कुठे असावं हे रेल्वेच्या नकाशावर ठरलं. बायकोचं गाव देवगड तालुक्यात, माझं वर्ध्यापासून जवळ. दिवा स्टेशनातून पनवेलकडे फाटा फुटतो आणि पुढे कोकणात उतरतो. कल्याणहून दुसरी वाट कसारा घाट चढते, नाशिक, भुसावळ, अकोला मागे टाकत वर्ध्याला पोचते. दिवा आणि कल्याण यांच्यामध्ये तीनच स्टेशनं आहेत : कोपर, डोंबिवली, ठाकुर्ली. आम्ही डोंबिवलीत भाड्याची जागा शोधली. पश्चिमेला, तिसऱ्या मजल्यावर, एक खोली आणि स्वयंपाकघर. तिचे आईवडील आले की दिव्याला उतरतात, माझे आले की कल्याणला, आणि दोन्हीकडून लोकलने घर पाव तासाच्या आत येतं.

वेगवेगळ्या मुलखांतल्या दोघांचं लग्न झालं की लोक जेवणाबद्दल विचारतात, बोलीबद्दल विचारतात. तो फरक असतोच. पण त्याच्या मुळाशी हवा असते, असं मला आता पक्कं वाटतं. माणूस ज्या हवेत वाढतो ती त्याच्या हातांना सवयी लावते. कपडे कसे झटकायचे, डबा कसा बंद करायचा, खिडकी कधी उघडायची आणि कधी लावायची, हे कोणी बसवून शिकवलेलं नसतं. तिच्या गावी वर्षाला तीन हजार मिलीमीटरच्या आसपास पाऊस पडतो, माझ्याकडे त्याच्या तिसऱ्या हिश्शाएवढा. माझ्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो. तिच्याकडे तो इतका कधी चढत नाही, पण अंगावरचा घामही वाळत नाही. या दोन हवा एका खोलीत राहायला आल्या, आणि आमच्या संसारातली निम्मी गंमत तिथून सुरू झाली.

पहिला उन्हाळा आला तसा मला कूलर आठवायला लागला. वर्ध्याकडे कूलर म्हणजे घरातला एक कर्ता माणूस. खिडकीबाहेर लोखंडी स्टँडवर तो बसतो. संध्याकाळी बादल्यांनी त्याची टाकी भरायची, वाळ्याच्या ताट्या भिजवायच्या. मग खोलीभर जो गार, मातकट सुगंध पसरतो त्यात माझं सगळं बालपण आहे. आईचा रोज फोन : "कूलर लावला का रे?" मी आणायला निघालोच होतो. हिने मला थांबवलं आणि दोरीवरचा टॉवेल दाखवला. सकाळी वाळत घातलेला, दुपारी तीनलाही ओलसर. "इथल्या हवेला आधीच पाणी झालंय," ती म्हणाली, "ती तुझ्या कूलरचं कुठून पिणार?" खरंच आहे. कूलरचं सगळं काम पाण्याची वाफ होण्यावर चालतं. पाणी उडताना हवेतली उष्णता घेऊन जातं. वर्ध्याची कोरडी हवा पाणी अधाशासारखी पिते म्हणून कूलर गार करतो. इथे त्याने नुसता दमटपणा वाढवला असता.

मग तिने तिच्या हवेचं शास्त्र लावलं. दुपारनंतर समुद्राकडून जे वारे येतात त्यांना कोकणातला माणूस अंगाने ओळखतो. पश्चिमेची खिडकी, समोर स्वयंपाकघराचं दार, त्यापलीकडे मागची बारीक खिडकी, या रेषेत येईल असा तिने पलंग ओढला आणि कपाट दुसऱ्या भिंतीला सरकवलं. फरशीवर पलंगाच्या पायांचे चरे उठले ते अजून आहेत. रात्री साडेनऊच्या सुमारास त्या रेषेतून वारा वाहायला लागला. मी लहानपणापासून उन्हाळ्यात खिडक्या बंद करत आलेलो. आमच्याकडे दुपारी बाहेरून येते ती झळ, आणि दारं-खिडक्या लावून अंधार करणं हाच उपाय. त्या रात्री सगळ्या खिडक्या सताड उघड्या टाकून झोपताना छातीत थोडं धडधडलं, एवढं सांगायलाच हवं.

वाळा मात्र तिने आणलाच. बाजारातून काळा माठ आणि वाळ्याची जुडी. माठाचं पाणी इथे वर्ध्याइतकं गार होत नाही, कारण तोही पाणी बाहेर पाझरवून, त्याची वाफ करूनच थंड होतो. पण वास तोच. घरात पाहुणा आला की ती आवर्जून माठातलं पाणी देते आणि तो तोंडाला लावेपर्यंत त्याच्याकडे बघत राहते.

मे महिन्यातच देवगडहून आंब्याची पेटी आली. पेटी कसली, एक मोठीच कामगिरी होती ती. रात्रीच्या गाडीने पाठवलेली पेटी पहाटे हायवेवर उतरवून घ्यायची, रिक्षात मांडीवर धरून आणायची, तीन मजले चढवायची. सगळे आंबे कच्चे, हिरवे. आमच्या पलंगाखाली तिने भाताचा पेंढा पसरला, त्यावर आंबे देठ वर करून एकेक मांडले, एकाला दुसरा घासणार नाही एवढं अंतर ठेवून, आणि वर पुन्हा पेंढा. अढी. मला वाटलं, झालं, आता वाट बघायची. पण अढी रोज तपासावी लागते. पिकायला लागलेला आंबा एक वायू सोडतो आणि त्याने शेजारचेही घाईने पिकतात, म्हणून मऊ पडलेला आधी ओळखून काढायचा. ती डोळे मिटून पेंढ्यात हात घालायची आणि बोटांनी सांगायची : हा उद्या, हा परवा, हा अजून चार दिवस. मीही तिच्या शेजारी फरशीवर पालथा पडून हात घालायला लागलो. हापूस देठाजवळ आधी सैल होतो, हे मी तिच्या बोटांवर माझी बोटं ठेवून शिकलो. त्या दिवसांत आम्ही खरं तर एका आमराईवरच झोपत होतो. रात्री मध्येच जाग आली की वास आदल्या रात्रीपेक्षा एक पायरी वर चढलेला असायचा.

त्याच आठवड्यात माझ्या आईचा डबा आला. कुरडया, मुंगवड्या आणि सरगुंडे. सरगुंडे विदर्भाबाहेर फारसे कुणाला माहीत नसतात. गव्हाचं घट्ट पीठ बारीक काडीला गुंडाळून गोल नळ्या करायच्या आणि त्या उन्हात वाळवायच्या. गल्लीतल्या बायका दुपारी एकत्र जमून करतात. आमचं ऊन असं, की सकाळी घातलेलं वाळवण संध्याकाळी खुळखुळ वाजतं. पाण्यात उकडून, वर तूप सोडून सरगुंडे आमरसाबरोबर खातात. आमच्याकडे रस गावरान आंब्याचा, पातळ, आंबटगोड. त्या दिवशी मात्र वर्ध्याच्या उन्हात वाळलेल्या सरगुंड्यांवर देवगडच्या कातळावरचा हापूस पडला. हिने पहिला घास घेतला, काही न बोलता ताट जवळ ओढलं आणि दुसऱ्यांदा वाढून घेतलं. मी तो पदार्थ जन्मभर खात आलोय. इतका चांगला कधीच लागला नव्हता.

पाऊस आधी तिच्या माहेरी येतो. जूनच्या पहिल्या आठवड्यानंतर कधीतरी तिच्या आईचा फोन येतो : "थंय पाऊस इलो मा?" इथे अजून आभाळ नुसतं फुगलेलं असतं. चार-सहा दिवसांनी तो आमच्या छतावर पोचतो आणि त्यानंतर काही दिवसांनी वर्ध्याला. तिथे माझे वडील कपाशी आणि तूर पेरायची थांबून असतात. त्यामुळे आता एक साखळीच झाली आहे. देवगडचा फोन आला की ही लगेच वर्ध्याला फोन लावते : "बाबा, आमच्या गावी सुरू झाला हं." माझे वडील पावसाच्या बाबतीत रेडिओवरही पूर्ण विश्वास ठेवत नाहीत, पण सुनेच्या या फोनची वाट बघतात. पहिल्या सरीवर पेरायचं नाही, जमिनीत चांगली ओल उतरू द्यायची, हे त्यांना आयुष्यभराच्या शेतीने शिकवलंय. तरी कोकणात धरला म्हणजे वाटेला लागला, एवढा धीर त्यांना हवा असतो.

जुलैत मला कळलं, की ओल ही राखणीला बसावं अशी गोष्ट आहे. मिठाला पाणी सुटतं. काडेपेटीची काडी ओढावी तर गुल निघून येतो. आईच्या कुरडया सादळतील ही माझी सगळ्यात मोठी काळजी, आणि आईचीही : "सादळल्या तं नाही नं?" पण तिच्या हातांनी हे सगळं आधीच केलेलं होतं. तिच्या घरी आगोटची बेगमी म्हणजे मे महिन्यातलं मोठं काम. मीठ, मसाला, आमसुलं, सुकी मासळी, जळण, सगळं पाऊस लागायच्या आत झाकून-बांधून व्हायला लागतं. भिंतींना पावसाकडच्या बाजूने नारळाची झापं बांधतात, नाहीतर जांभा दगड पाणी पिऊन आतून घाम गाळतो. तिने कुरडया जाड पिशवीत घालून, हवा दाबून काढून, पत्र्याच्या डब्यात कोंबल्या आणि झाकणावरून कणकेची पट्टी लावली. तो डबा गॅसच्या वरच्या फळीवर गेला, जिथे रोजच्या स्वयंपाकाची ऊब लागते. गणपतीत आम्ही तो उघडला. कुरडई तेलात पडली आणि दुप्पट फुलली. ती कढईसमोरून मला हाका मारत होती आणि मी तिचा फोटो काढून आईला पाठवत होतो.

मी या घरात काय आणलं? भाकर. तिच्याकडे भाकरी तांदळाची. ज्वारीची मी करतो, आजीच्या मांडीशी बसून शिकलेली. ज्वारीत गव्हासारखा चिकटपणा नसतो, म्हणून पीठ ताजं लागतं आणि पाणी कढत. जुन्या पिठाची विरी जाते, मग कितीही मळा, कडेने चिरा पडतातच. दर रविवारी मी परात घेऊन खाली बसतो आणि ती समोर विळीवर नारळ खवते. अर्धी वाटी कडेकडेने आत फिरवत आणायची, तपकिरी पाठीला पातं लागू द्यायचं नाही. ती मला थापायला मागते, मी तिला खवायला मागतो, आणि जेवायला दुपारचे दोन वाजतात.

उन्हाळ्यात वर्ध्याला गेलो तेव्हा मी तिला सेवाग्रामला नेलं. गांधीजी १९३६ साली तिथे राहायला आले. त्यांच्या कुट्या आसपास मिळणाऱ्या माती-बांबूच्या, वर कवेलू. बाहेर ऊन मी म्हणत होतं. बापूकुटीच्या पडवीत ती मातीच्या भिंतीला पाठ लावून बसली आणि बराच वेळ उठली नाही. तिच्या चिऱ्याच्या घराला पाऊस बाहेर ठेवायचा असतो, या भिंतीला ऊन. दोन्ही जाड, दोन्ही तिथल्याच मातीच्या. परत येताना तिने माझ्या वडिलांना विचारलं, की घरामागची जुनी मातीची खोली तुम्ही पाडणार आहात ते खरं का, आणि खरं असेल तर पाडू नका. वडिलांनी ती पाडली नाही. पावसाळ्याआधी तिचे कवेलू फेरले.

आता आमच्या जागेचा अकरा महिन्यांचा करार संपत आलाय आणि मालकांना जागा हवी आहे, म्हणून पुन्हा शोध सुरू आहे. एजंट रोज संध्याकाळी दोन-तीन जागा दाखवतो. तो लिफ्ट, पार्किंग, पाण्याची वेळ सांगत असतो. ही सरळ खिडकीपाशी जाते, पश्चिम कुठे ते बघते आणि मागचं दार उघडायला लावते. मी भिंतीवर बोटाच्या पेराने ठोकून ती किती जाड आहे ते ऐकतो, मग गॅलरीत किती वाजेपर्यंत ऊन येतं ते विचारतो. काल त्याने एक जुनी, लिफ्ट नसलेली इमारत जरा संकोचूनच दाखवली. भिंती नऊ इंची, हॉलची खिडकी पश्चिमेला, वर मोकळी गच्ची, आणि गच्चीची किल्ली पहिल्या मजल्यावरच्या आजींकडे. हिने आजींचं दार वाजवून विचारलं, की आम्हाला वर वाळवण घालता येईल का. आजी म्हणाल्या, "घाला की, पण कावळ्यांना राखायला कोण बसणार?" मी बसेन म्हटलं. उद्या टोकन द्यायचं आहे.