चार चाकांची ताकद

बीडहून मांजरसुंब्याचा घाट चढून पाटोद्याच्या दिशेने निघालो की बालाघाटच्या डोंगरांत नायगावचे मयूर अभयारण्य लागते. १९९४ साली जाहीर झालेले हे जंगल सुमारे ३० चौरस किलोमीटरचे आहे. घनदाट अरण्य नव्हे. काटेरी झुडपे, गवत आणि खडकाळ माळ.

जुलैतल्या एका रविवारी आम्ही परवानगी काढून तिथे गेलो. भाईजानची जुनी फोर व्हील ड्राइव्ह जीप, मागे मुले आणि वाट दाखवायला एक वनमजूर. मुरमाच्या वाटेवर जीप मजेत चालली. पुढे ओढ्याजवळ काळ्या मातीचा चिखल लागला. भाईजानने लो गिअर टाकला. या गिअरमध्ये वेग कमी होतो, पण चाकांचा जोर वाढतो. तरीही जीप जागीच घसरू लागली. काळी माती टायरच्या खाचांत भरली की चारही चाके गुळगुळीत होतात. दगड टाकून पाहिले, तेही रुतले.

भाचा म्हणाला, "अब्बा, उजवीकडून गवतातून घ्या ना! फोर व्हील आहे, कशाला घाबरता?"

भाईजानने स्टिअरिंग वळवलेही. तेवढ्यात वनमजूर म्हणाला, "साहेब, गवतात नका घालू. लांडोरीची अंडी असतात."

लांडोर झाडावर घरटे बांधत नाही. पावसाळ्यात झुडपाआड जमिनीवरच चार-सहा अंडी घालते आणि जवळपास महिनाभर उबवते. ती अंडी गाडीतून दिसत नाहीत.

भाईजान क्षणभर गप्प राहिला. मग त्याने रिव्हर्स टाकला. वळायला जागा नव्हती, म्हणून मुरमाचे पठार येईपर्यंत जीप मागेच घेत गेलो. भाचा खिडकीबाहेर डोके काढून चाकांकडे पाहत होता. "फूफी, वाट सुटली नाही ना?" तो दर थोड्या वेळाने विचारी.

मोर १९६३ पासून आपला राष्ट्रीय पक्षी आहे, हे मी वर्गात दरवर्षी शिकवते. पण त्याच्यासाठी आपण काय सोडायचे, हे मुलांनी त्या दिवशी पाहिले. गाडी कुठूनही जाऊ शकते, म्हणून ती कुठूनही न्यायची नसते.

घरी आल्यावर अम्मीने विचारले, "मोर दिसला का?"

भाचाच म्हणाला, "नाही दादी, पण आवाज ऐकला. तो तिथे आहे."