पुडी आणायला धाडलेला नातू

वाचकहो, आपल्यापैकी पुष्कळांच्या बालपणी दुकानातून तंबाखू आणणे हे मुलांचेच काम होते. "जाय रे भो, तमाखूनी पुडी लई ये," ही हाक आमच्या खानदेशात ओट्याओट्यांवरून ऐकू येई आणि आजही येते. मीठ आणावे, काडेपेटी आणावी, तशीच पुडी. हाकेत लाड असतो, उरलेला रुपया पोराचा असतो. म्हणूनच या साध्या कामाकडे कायद्याच्या नजरेने पाहणे आपल्याला जड जाते. तरीही ते पाहावे, अशी विनंती करण्यासाठी आज आपल्यापुढे आलो आहे.

मी नंदुरबार जिल्ह्यातील प्राथमिक शाळांतून चौतीस वर्षे शिकवले. निवृत्तीनंतर शहादा तालुक्यातच राहिलो. आमच्या जिल्ह्यात आजीआजोबांवर जी जबाबदारी असते, ती शहरातल्या वाचकांना सहज कळणार नाही. दिवाळीनंतर सातपुड्याच्या पायथ्याची आणि डोंगरातली कितीतरी कुटुंबे ऊसतोडीला गुजरातेत किंवा पश्चिम महाराष्ट्रात जातात. मुले मागे राहतात, काही आश्रमशाळेत, काही म्हाताऱ्या माणसांपाशी. ते चार-पाच महिने घरातले मोठे माणूस म्हणजे आपणच. मुलाने काय खावे, कधी निजावे, कोणत्या दुकानी जावे, हे ठरवणारे दुसरे कोणी नसते.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. केंद्राचा तंबाखू नियंत्रण कायदा २००३ सालचा. त्याच्या सहाव्या कलमाने अठरा वर्षांखालील व्यक्तीला तंबाखूजन्य पदार्थ विकण्यास मनाई केली, तसेच शिक्षणसंस्थेपासून शंभर यार्डांच्या, म्हणजे सुमारे ९१ मीटरच्या आत अशा विक्रीलाही मनाई केली. काही शाळांबाहेर पिवळी रेषा आखलेली दिसते, ती याच अंतराची खूण. येथे एक बारकावा आपण सर्वांनी ध्यानात ठेवण्याजोगा आहे. मूल ती पुडी स्वतःसाठी घेते की आजोबांसाठी, हे कायदा विचारत नाही. "आजानी मांगी" म्हटल्याने दुकानदाराची सुटका होत नाही. समोरचे मूल अठरा वर्षांचे नाही असा संशय आल्यास खात्री करून घेणे हे त्याचे काम आहे. मुलाला दुकानात बसवून त्याच्या हातून तंबाखू विकवणेही नियमात बसत नाही.

या कलमाचा दंड दोनशे रुपयांपर्यंतचा. पुष्कळ दुकानदारांना तो धंद्याचा खर्चच वाटतो. बाल न्याय अधिनियम, २०१५ मात्र फार कडक आहे. त्याच्या ७७व्या कलमानुसार वैद्यकीय सल्ल्याशिवाय बालकाला तंबाखूजन्य पदार्थ देणाऱ्यास किंवा द्यायला लावणाऱ्यास सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. दोनशे रुपये आणि सात वर्षे! एकाच पुडीसाठी दोन कायद्यांत एवढी तफावत असावी, याचे मला नेहमी नवल वाटते.

गुटख्याची कथा वेगळी. महाराष्ट्राने तो प्रथम २००२ साली बंद केला. २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात ती बंदी टिकली नाही. पुढे अन्नसुरक्षा कायद्याखालील २०११च्या नियमांनी कोणत्याही खाद्यपदार्थात तंबाखू वा निकोटीन घालण्यास मनाई केली आणि त्याच आधारावर राज्याने जुलै २०१२मध्ये पुन्हा बंदी आणली. असा आदेश एका वेळी वर्षभरापुरताच काढता येतो, म्हणून तो दर वर्षी नव्याने काढावा लागतो. आमचा जिल्हा दोन राज्यांच्या सीमेवर. नवापूरचे रेल्वे स्थानक तर असे की फलाटाचा एक भाग महाराष्ट्रात आणि दुसरा गुजरातेत. बंदी पलीकडेही आहे, मध्य प्रदेशातही आहे. तरी माल पकडल्याच्या बातम्या थांबत नाहीत. शिवाय पानमसाला एका पाकिटात आणि तंबाखू दुसऱ्या पाकिटात घेऊन तळहातावर मिसळण्याची युक्ती पोरांनाही ठाऊक असते. सरकारने आपले काम नेटाने करावे, यात वाद नाही. पण टपरीवरच्या धाडीची वाट पाहत बसलो, तर ओट्यावरची हाक चालूच राहील.

आमच्या गल्लीत एक विधवा बाई किराणा दुकान चालवतात. काही वर्षांपूर्वी शाळेत झालेल्या सभेत त्यांनी हा नियम ऐकला आणि दुसऱ्या दिवसापासून लहान मुलांच्या हाती पुडी देणे बंद केले. पोलीस आले नाहीत की कोणी अधिकारी आला नाही. आली ती आपल्या वयाची माणसे, आणि तीही रागावून. "पोराला रिकाम्या हाताने का परत धाडले?" एकाने उधारी मिटवून दुकान बदलले. बाईंचे उत्तर एकच असे, "काका, तुम्ही स्वतः या, नाही तर घरातल्या मोठ्या माणसाला पाठवा." रोजचे गिऱ्हाईक तोडून कायदा पाळणे ही एकट्या बाईसाठी लहान गोष्ट नव्हती. मी तेव्हा त्या काकांपैकी दोघांशी बोललो. एकाचे म्हणणे होते, "आम्ही जन्मभर आणली, आम्हाला काय झाले?" त्यांना खोकल्याची उबळ आल्याने पुढचे बोलणे राहिले.

निरोप्या म्हणून गेलेले मूल तंबाखू खाईलच असे नाही. पण त्याला दुकान कळते, भाव कळतो, दुकानदार आपल्याला नाही म्हणत नाही हे कळते, आणि उरलेले सुटे पैसे हातात असतात. सुट्या सिगारेटी व विड्या विकण्यास महाराष्ट्राने सप्टेंबर २०२०मध्ये मनाई केली ती याचसाठी; पाकीट मुलाला परवडत नाही, एक कांडी परवडते. २०१९च्या राष्ट्रीय युवा तंबाखू सर्वेक्षणात १३ ते १५ वर्षांच्या विद्यार्थ्यांपैकी ८.५ टक्के तंबाखूचे सेवन करताना आढळले. त्यांतील बिनधुराची तंबाखू घेणाऱ्यांपैकी ५२ टक्क्यांनी दहा वर्षांच्या आतच ती चाखली होती. दहा वर्षे म्हणजे चौथी-पाचवीतले मूल. त्या वयात ते टपरीवर मित्रांसोबत उभे नसते, घरात असते.

आज्यांनाही येथे वगळता येत नाही. तव्यावर तंबाखू भाजून मशेरी करायची, ती बोटाने दातांना लावायची आणि नातीची दाढ दुखली की तिच्याही हिरडीवर चिमूटभर ठेवायची, हे मी कितीतरी घरांत पाहिले आहे. मायेनेच केलेले असते. दाढ क्षणभर बधिर होते, कीड जिथल्या तिथे राहते, आणि मुलीला मशेरीची चव कळते.

शाळेत असताना आठवीतल्या एका मुलाला मोठ्याने वाचायला सांगितले, तर शब्द दातांतच अडकत होते. तोंड दोन बोटेही उघडत नव्हते. घरी भाजीला तिखट लागले की तो ताट सरकवायचा, आणि घरच्यांना वाटे पोरगा लाडावला. सुपारीने तोंडाच्या आतले अस्तर ताठ होत जाते, जळजळ सुरू होते, जबडा आखडतो. ही कर्करोगाच्या आधीची अवस्था असून एकदा आलेला ताठरपणा सहसा पूर्वीसारखा जात नाही. सुपारी-गुटखा थांबवला तर पुढचे नुकसान रोखण्याची संधी असते. घरात तपासणी सोपी आहे. मुलाला त्याची स्वतःची तीन बोटे उभी करून तोंडात घालायला सांगा. जात नसतील तर दंतवैद्याकडे न्या. आपल्याही तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा, अथवा दोन आठवड्यांत न भरलेली जखम असेल, तर त्याच खेपेला दाखवून घ्या.

आता राहिला प्रश्न शुश्रूषा करणाऱ्यांचा. ज्यांचे गुडघे चालत नाहीत आणि ज्यांनी पन्नास वर्षे तंबाखू मळली, त्यांनी काय करावे? दुकान बदललेल्या त्या काकांच्या सुनेने मला हेच विचारले होते. सासरे ओरडतात, मुलगा धाकाने जातो, आणि मधल्या मध्ये तिला बोलणी बसतात. आम्ही एवढेच ठरवले की पुडी आणायची तर तिने किंवा तिच्या नवऱ्याने आणायची, डबी तिच्या ताब्यात राहील, आणि मुलाला त्या डबीला हातही लावायला सांगायचे नाही. चुना मळूनसुद्धा मागायचा नाही. पहिले आठ दिवस घरात फार कटकट झाली. एरवी दिवसातून दहा-बारा बार भरणारे काका मागायचा कंटाळा येऊन सहावर आले. पुढे डॉक्टरांना दाखवून आणखी कमी केले. पूर्ण सुटलेली नाही. नातू मात्र आता दुकानी जातो तो दूध आणि वह्या आणायला.

घरच्या माणसांनी एवढे जाणून असावे की तंबाखू कमी करताना चिडचिड, झोप न लागणे, बद्धकोष्ठता हे त्रास होतात. पहिला आठवडा सर्वांत कठीण असतो; नंतर तीन-चार आठवड्यांत बहुतेक ओसरतात. त्या दिवसांत म्हाताऱ्या माणसाला टोमणे मारू नयेत. बडीशेप, ओवा, कोमट पाणी जवळ ठेवावे. सुपारी मात्र ठेवू नये, कारण तीही घातकच. हृदयविकार, रक्तदाब किंवा मधुमेह असेल तर निकोटीनचे च्युइंगम वा गोळ्या डॉक्टरांना विचारूनच घ्याव्यात.

मदतीसाठी दूर जावे लागत नाही. तंबाखूच्या पाकिटावर ८५ टक्के जागा व्यापणारा जो इशारा असतो, त्यातच सप्टेंबर २०१८पासून एक क्रमांक छापला जातो : १८००-११२-३५६. ही तंबाखू सोडण्यासाठीची राष्ट्रीय सेवा असून फोनला पैसे पडत नाहीत. अक्षरे बारीक असतात, तेव्हा चष्मा लावून किंवा सुनेकडून वाचून घ्या. फोन शक्यतो ज्याला सवय सोडायची आहे त्यानेच करावा. कमी ऐकू येत असेल तर घरातल्या मोठ्या माणसाने शेजारी बसून प्रश्न मोठ्याने सांगावेत. दिवसातून किती वेळा, कधीपासून, पहिला बार उठल्यावर किती वेळाने, अशा गोष्टी विचारल्या जातात. त्या आधीच कागदावर लिहून ठेवल्या तर बरे पडते.