लाल दिवा

आमच्या अब्बांची १९७२ची फियाट अजून चालते. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात बनलेली ती गाडी त्यांनी जुनीच, कर्ज काढून घेतली होती. सिग्नलला थांबलो की डॅशबोर्डवरचा छोटा लाल दिवा मिणमिणायचा. अब्बा ॲक्सिलरेटरवर हलकेच पाय ठेवायचे आणि दिवा विझायचा. लहानपणी मला वाटे, गाडीला डुलकी लागते आणि अब्बा तिला उठवतात.

अब्बांच्या इंतकालनंतर गाडी मी चालवू लागले. यंदा अम्मीने हट्ट धरला. खेडजवळच्या आमच्या गावी जायचे, कब्रस्तानच्या फाटकाशी उभे राहून अब्बांसाठी दुआ मागायची, आणि जायचे ते याच गाडीने. पण अम्मीला आता ऑक्सिजनचे छोटे यंत्र लागते. डॉक्टरांनी परवानगी दिली, अट एकच, यंत्र बंद पडता कामा नये. त्याची बॅटरी दोन-अडीच तास पुरते आणि मुंब्र्याहून गाव पाच-सहा तास. म्हणजे यंत्र गाडीच्या विजेवरच चालवायला हवे.

मी भाषा शिकवणारी, तरी वहीत हिशेब मांडला. दोन हेडलाइट मिळून ९० वॅट, वायपर ४०, इग्निशन कॉइल ४०, बारीकसारीक दिवे ३० आणि यंत्र १२०. एकूण ३२०. बाराने भागले की जवळजवळ २७ अँपिअर. गॅरेजचे उस्ताद वही बघून हसले. म्हणाले, "टीचर, हा डायनामो जवान होता तेव्हाही भर वेगात सोळा-सतरापर्यंतच जायचा. आणि गाडी उभी असली की जवळजवळ काहीच नाही. बाकीचे सगळे बॅटरीतून जाणार."

मग त्यांनी दोन्ही वस्तू समोर ठेवून समजावले. डायनामोत वीज फिरणाऱ्या भागात तयार होते, ती सगळीच्या सगळी कार्बन ब्रशमधून बाहेर काढावी लागते, म्हणून त्याला फार वेगात फिरवता येत नाही. अल्टरनेटरमध्ये वीज बाहेरच्या, न हलणाऱ्या वेटोळ्यात तयार होते. ब्रशमधून जातो तो फक्त थोडासा प्रवाह. त्यामुळे त्याला लहान पुली लावून जास्त पळवता येते आणि इंजिन संथ चालत असतानाही तो कामाची वीज देतो. एवढे सोपे करून मला व्याकरणसुद्धा शिकवता येत नाही!

भाईजान मात्र नाराज. "अब्बांची गाडी जशी आहे तशी राहू दे. भाड्याची गाडी कर." दर ईदला ते फियाट पुसून चकचकीत करतात, चालवत कधीच नाहीत. अम्मी पलंगावरून म्हणाली, "तुझ्या अब्बांनी क्लच बदलला, टायर बदलले. तेव्हा गाडी काय दुसऱ्याची झाली?"

जुन्या बाजारातून मारुतीचा ४५ अँपिअरचा अल्टरनेटर आणला. ब्रॅकेट थोडे कापून पुली पट्ट्याच्या रेषेत आणली. डायनामोचा कटआउट डबा काढला, कारण नव्याचा रेग्युलेटर त्याच्या पोटातच असतो. जुनी वायर एवढा प्रवाह सोसणार नव्हती, म्हणून बॅटरीपर्यंत नवी जाड वायर टाकली. यंत्राच्या सॉकेटला वेगळा फ्यूज दिला. सारे मिळून साडेसहा हजार लागले. डायनामो कापडात गुंडाळून माळ्यावर ठेवला, भाईजानच्या समाधानासाठी.

इंजिन सुरू झाले, पण बॅटरीवर मीटर १२च्या वर सरकेना. उस्तादांनी तासभर डोके खाजवले. शेवटी कळले, डॅशबोर्डवरचा तो लाल दिवाच उडाला होता. त्याच्यातून जाणाऱ्या इवल्याशा प्रवाहाने हा अल्टरनेटर जागा होतो. आठ-दहा रुपयांचा बल्ब घातला आणि मीटर १४ला जाऊन थांबला. अल्हमदुलिल्लाह!

माणगावच्या बाजारात पाऊण तास अडकलो. रात्र, धो धो पाऊस. उस्तादांनी सांगितल्याप्रमाणे उभ्या गाडीत मोठे दिवे बंद केले, बाकी सगळे चालू. वायपर फिरत होते, मागे अम्मीच्या यंत्राची फुस्स-फुस्स ऐकू येत होती. माझी नजर मात्र डॅशबोर्डवर. दिवा विझलेलाच होता, तरी सवयीने माझा पाय ॲक्सिलरेटर दाबत होता.

"पाय काढ," मागून अम्मी म्हणाली, "उगाच पेट्रोल जळतंय."