ऐकू येतंय तोवर

परवा परिवहन कार्यालयात परवान्याच्या नूतनीकरणासाठी रांगेत उभी असताना माझ्यापुढच्या वृद्ध गृहस्थांनी खिडकीतून जो अर्ज आत सरकवला, त्यातला मजकूर वाचून पलीकडचा कारकूनही क्षणभर थबकला. कारण त्या गृहस्थांना मुदत वाढवून नको होती, पत्त्यात फेरफार नको होता, गहाळ परवान्याची नक्कल नको होती, तर परवान्यावर नोंदलेल्या वाहनांच्या वर्गांपैकी गियरची मोटारसायकल हा एकच वर्ग कमी करून हवा होता आणि मोटारीचा तेवढा कायम राहायला हवा होता. तशी तरतूद कायद्यात आहे. पण तिचा आधार घेणारा इसम मी प्रथमच पाहिला. "चालवू नका म्हणजे झालं, काका. खोडायला कशाला पाहिजे?" असे कारकुनाने आपुलकीने विचारले, तेव्हा ते म्हणाले, "चालवत नाहीच. पण चालवत नाही असं कागदावर असावं."

त्या वाक्याने मी दिवसभर अस्वस्थ होते. मोटारसायकल सोडणारी माणसे ती अमुक दिवशी सोडली असे सहसा सांगू शकत नाहीत. गाडी दारात असतेच. आधी तिची बॅटरी उतरते, मग मागच्या चाकातली हवा जाते, मग एका पावसाळ्यात तिच्यावर जुने ब्लँकेट पडते, त्या ब्लँकेटवर घरातल्या कुंड्या आणि कागदांचे गठ्ठे येऊन विसावतात, आणि अखेर भंगारवाला दारात उभा राहतो तेव्हा मालकाला पहिल्यांदा उमगते की आपण गाडी चालवणे केव्हाच सोडले आहे. विचारले तर तो कारणे देतो. कंबर धरते, मुले मोठी झाली, चौघांचे बिऱ्हाड दोन चाकांवर मावत नाही, रस्त्यांवर वाहने फार झाली, एका जवळच्या स्नेह्याला अपघात झाला. ही कारणे खोटी नाहीत. परंतु ज्यांची कंबर तितकीच धरते, ज्यांच्या घरी मोटार उभी आहे, ज्यांनी तोच अपघात पाहिला आहे, अशीही माणसे सत्तरीत सकाळी उठून किक मारताना दिसतात, आणि मोटार वाहन कायद्यातल्या २०१९ सालच्या दुरुस्तीनंतर पंचावन्न उलटलेल्याला दर पाच वर्षांनी जे नूतनीकरण करावे लागते, त्यासाठी डॉक्टरचा दाखला घेऊन मुकाट्याने रांगेत येतात. तेव्हा ज्या कारणाने एकजण थांबतो आणि दुसरा थांबत नाही, ते या यादीत नसून आणखी कोठे तरी असले पाहिजे.

ते कारण शोधताना मला माझे मामा आठवतात. मामा भुदरगड तालुक्यात गारगोटीला गुरांचे डॉक्टर होते. वेदगंगेच्या खोऱ्यात, विशेषतः वर पाटगावच्या अंगाला, पाऊस एकदा धरला की आठवडेच्या आठवडे उघडीप देत नाही. अशा पावसात रात्रीबेरात्री दारावर थाप पडे, कांबळ्याची खोळ पांघरलेला कोणी कंदील वर करून "म्हस अडलीया, डाक्टर" एवढेच म्हणे, आणि मामा उत्तरादाखल बॅग उचलीत. त्यांची बुलेट काळी होती, टाकीवर सोनेरी रेघा होत्या आणि गियर, त्या काळच्या रीतीप्रमाणे, उजव्या पायाखाली होता. उन्हाळ्याच्या सुट्टीत मी त्यांच्याकडे असे, वळवाचा पाऊस असला की मीही जागी होई आणि ओट्यावर उभी राहून त्यांचे गाडी सुरू करणे पाही. त्यात घाई म्हणून कधी नसे. किल्ली फिरवली की हेडलाइटच्या माथ्यावरचा अँपिअरचा काटा डावीकडे झुके. किक पायाने सावकाश दाबत न्यावी तसा एका विशिष्ट जागी तो काटा मध्यावर येऊन उभा राही. तेथे थांबायचे, डाव्या मुठीजवळची डिकॉम्पची, म्हणजे सिलिंडरमधला दाब सोडणारी, कळ आवळून किक किंचित पुढे सरकवायची, कळ सोडायची, किक पूर्ण वर येऊ द्यायची आणि मग देहाचा सगळा भार एकाच दमात तिच्यावर टाकायचा. बाहेर म्हैस प्राणांतिक वेदनेत असेल, तिचा धनी पावसात कुडकुडत असेल, तरी यातली एकही पायरी गाळता येत नसे. कारण पायरी गाळली तर किक उलटी बसे आणि घोटा दुखावे, आणि मग म्हशीला डॉक्टर मिळत नसे. पहिल्या ठोक्यानंतर ते ताबडतोब निघत नसत. मान थोडी वाकडी करून, ज्या रीतीने ते गाईच्या कुशीला कान लावीत त्याच रीतीने, ते इंजिन ऐकत आणि मगच क्लच दाबीत.

रविवारी टॅपेट, म्हणजे इंजिनच्या झडपा उचलणारे भाग, पाहिले जात. इंजिन रात्रभर गार झालेले असले पाहिजे हा पहिला दंडक. सिलिंडरच्या उजव्या अंगाला, तळाशी, एका नटावर बसणारे लहानसे झाकण असते. ते काढले की आत दोन बारीक, चकाकत्या पुशरॉड दिसतात. दट्ट्या वरच्या टोकाला आणायचा, दोन पान्यांनी नट सैल करायचा, आणि मग पुशरॉड चिमटीत धरून पाहायचा: तो बोटांनी सहज फिरला पाहिजे, परंतु वरखाली तसूभरही हलता कामा नये. या दोन गोष्टींच्या मधली जागा कागदाहून पातळ आहे आणि ती कोणत्याही मापाने नव्हे, बोटांनीच सापडते. मामांची बोटे जाड होती. शिवाय माझ्या बोटांना ते अधिक खरे मानीत असावेत.

"फिरतोय?"

"फिरतोय."

"वरखाली?"

"नाही."

"मग झालं. लाव झाकण, पोरी."

पदवीचे कागद हाती आले त्या दिवशीही मला एवढे कर्तृत्ववान वाटले नाही.

या यंत्राचा इतिहास आमच्या विषयाला साक्षीदार म्हणून उभा करण्याजोगा आहे. बुलेट मूळची इंग्लंडातल्या रेडिच गावची. १९५५ साली मद्रासेत एनफील्ड इंडिया ही कंपनी निघाली, प्रथम तिकडून आलेले भाग येथे जोडले जाऊ लागले आणि पुढे सगळीच गाडी येथे घडू लागली. रेडिचच्या लोकांना दरम्यान नवे, वेगवान, अधिक बाजारपेठीय असे काही ना काही करायचे होते. १९६७ साली त्यांचा तेथला कारखाना बंद झाला आणि थोड्याच वर्षांत मूळ कंपनीही उरली नाही. मद्रासेत मात्र तीच गाडी, जवळजवळ त्याच अंगाने, दशकानुदशके तयार होत राहिली. ज्यांनी ती निर्माण केली ते थांबले. ज्यांच्या हाती ती सोपवली गेली, त्यांनी चालवली. मला यात मद्रासचे मागासलेपण दिसत नाही. रोज जे करायचे ते उद्याही नीट करावे, एवढ्या एका साध्या निष्ठेचे ते फळ आहे असे मी मानते.

मामांचे एक जिवलग स्नेही हायस्कुलात मास्तर होते आणि त्यांच्याजवळ येझदी होती. म्हैसूरच्या कारखान्यातली ती दोन सायलेन्सरांची गाडी, जिची किक आत दाबून फिरवली की तीच गियर होते, तिच्यावर मास्तरांनी जेवढे प्रेम उधळले तेवढे मामांनी आपल्या गाडीवर शब्दांनी कधीही केले नाही. मास्तर फोंडा घाट उतरले, करूळ घाट उतरले, गोव्याला गेले, आंबोलीच्या धुक्यातून परत आले. ते बोलू लागले की ओट्यावरची मंडळी चहा विसरत. मामा निव्वळ हौसेने कोठे गेल्याचे मला स्मरत नाही. आणि तरीही झाले असे की मास्तरांच्या दारात मारुती आली आणि येझदी गोठ्यात गेली, ती परत आलीच नाही. मास्तरांचे प्रेम कृत्रिम होते असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. ते घाटांवर होते, सोबत्यांवर होते, पोहोचण्यावर होते. घाट पाहून झाले, सोबत्यांच्या बदल्या झाल्या, आणि पोहोचण्याचे काम मोटार अधिक सुखाने करू लागली. यात्रेकरू क्षेत्राला पोहोचला की यात्रा सांग होते आणि त्यात उणे काहीच नसते. वारकऱ्याचे तसे नाही. पंढरपूर त्याने पूर्वी पाहिलेले असते, पुढच्या आषाढीलाही ते तेथेच असणार हे त्याला ठाऊक असते, आणि तरी त्याला निघावे लागते, कारण त्याचे व्रत चालण्याचे आहे. मोटारसायकलवर बसणाऱ्यांत या दोन्ही जातींची माणसे शेजारी शेजारी, एकाच पंपावर पेट्रोल भरताना दिसतात आणि वीस वर्षे तरी त्यांच्यातला भेद कोणाला ओळखू येत नाही.

निवृत्तीनंतर अडलेल्या म्हशींची बोलावणी थांबली, तरी मामा रोज सकाळी गाडी काढीत. मंडईत जात, वेदगंगेच्या पुलापर्यंत जाऊन येत. मुलाने मोटार घेऊन दिली होती. मी एकदा त्यांना सरळच विचारले, "मामा, आता कशासाठी?" ते म्हणाले, "अगं, ऐकू येतंय तोवर चालवायची."

हे उत्तर मी पुढे अनेक माणसांच्या चरित्रांवर लावून पाहिले. न्यूझीलंडच्या दक्षिण टोकाला इन्व्हरकार्गिल गावात बर्ट मन्रो नावाचा माणूस राहत असे. त्याने १९२० साली एक इंडियन स्काउट मोटारसायकल घेतली, जी मूळची ताशी नव्वद किलोमीटरांच्या आसपास धावे, आणि पुढची सारी हयात तो तीच गाडी आपल्या छपरात सोडवीत, जोडीत आणि तिचे दट्टे स्वतःच्या हातांनी ओतीत राहिला. १९६७ साली, वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी, अमेरिकेतील युटा राज्याच्या बॉनव्हिल येथील मिठाच्या विस्तीर्ण मैदानावर त्याने तिच्यावरून ताशी दोनशे पंच्याण्णव किलोमीटरांहून अधिक वेगाचा विक्रम नोंदवला. लोक तो वेग पाहतात. मला त्यामागची सत्तेचाळीस वर्षे दिसतात, ज्यांत त्याच त्या यंत्राचे ऐकण्याचा त्याला कंटाळा आला नाही. याच्या उलट ब्रिटिश सैनिक आणि लेखक टी. ई. लॉरेन्स. त्याने ब्रफ सुपीरियर गाड्या एकामागून एक घेतल्या आणि वेग हाच त्याचा विसावा होता; १३ मे १९३५ रोजी डॉर्सेटमधल्या आपल्या घराजवळ सायकलवरील दोन मुलांना चुकवताना तो पडला आणि सहा दिवसांनी, वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी, गेला. त्याच्यावर उपचार करणाऱ्यांत ह्यू केर्न्स हे मेंदूचे शल्यवैद्य होते. त्या मृत्यूने ते इतके विचारप्रवृत्त झाले की महायुद्धाच्या काळात त्यांनी मोटारसायकलवरील सैनिकांच्या डोक्याच्या दुखापतींचा अभ्यास केला, आणि त्यातून ब्रिटिश सैन्यात निरोप्यांना शिरस्त्राण सक्तीचे झाले. ज्यांना हेल्मेट हे स्वातंत्र्यावरचे आक्रमण वाटते, त्यांच्याशी माझा या बाबतीत ठाम मतभेद आहे. आयुष्यभर चालवायचे तर आयुष्य आधी शिल्लक हवे. मामांनाही हेल्मेटने आवाज दबतो ही तक्रार होती, पण ते घालीत, आणि पट्टा बांधीत.

मात्र या साऱ्या विवेचनात एक वर्ग निसटतो, त्याची नोंद केली पाहिजे. गोव्यात ज्यांना पायलट म्हणतात ते पिवळ्या मडगार्डच्या मोटारसायकलींचे चालक, उतारूला मागे बसवून भाड्याने नेणारे, पणजीच्या कदंब स्थानकाबाहेर आजही रांगेने उभे असतात. मला अल्तिन्होच्या चढावर नेणारे पायलट पांढऱ्या केसांचे होते. त्यांनी वळणाआधी वेग असा कमी केला की मागे बसलेल्या मला पुढे कलंडावे लागले नाही, आणि चढ संपताना गियर असा बदलला की धक्का जाणवला नाही. का चालवता, हा प्रश्न त्यांना विचारणे मला अप्रशस्त वाटले. पोटाला पर्याय नसतो. परंतु पोटासाठी एवढी हळुवार गाडी चालवण्याची आवश्यकता नव्हती, आणि ती त्यांनी तशी चालवली, हेही खरे.

मागे बसण्यावरून मामी आठवतात. लग्न होऊन आल्या त्या वर्षापासून मामी त्या बुलेटवर एका अंगाला पाय करून, साडीचा ओचा साडीगार्डच्या आत सावरून, एक हात मामांच्या खांद्यावर ठेवून बसत आल्या. त्यांनी हँडल कधी धरले नाही, परवाना काढला नाही, पुशरॉड पाहिला नाही. पण मामांचा डावा कान मंदावला आणि मग उजवाही, तेव्हा मामांच्याच हिशेबाने गाडी सोडण्याची घटिका आली होती, आणि ती आली नाही याचे कारण मला एका दुपारी कळले. आम्ही दोघी ओट्यावर तांदूळ निवडत होतो, मामांची बुलेट वेशीशी वळली, अजून दिसतही नव्हती, तोच मामी सुपावरची नजर न काढता म्हणाल्या, "एक्झॉस्टचा टॅपेट वाजतोय. काल मी खांद्यावर दोनदा टिचकी मारली, तरी तसेच गेले." मग चौकशीअंती समजले की गेली कित्येक वर्षे हा व्यवहार असाच चालू होता: मागच्या सीटवरून मामी ऐकत, खांद्यावर बोटाने खूण करीत, एक टिचकी म्हणजे फायरिंग चुकते आहे, दोन म्हणजे टॅपेट, आणि तळहाताचा सरळ दाब म्हणजे वेग आवर. मामा दुसऱ्या सकाळी झाकण उघडीत आणि मामींचे निदान खरे निघे. आपल्याकडे आजन्म मोटारसायकल चालवणाऱ्यांची शिरगणती कधी कोणी केलीच, तर तीत मागे बसणाऱ्यांसाठी स्वतंत्र रकाना असावा असे माझे आग्रहाचे म्हणणे आहे, आणि गारगोटीच्या पानावर मामींचे नाव मामांच्या आधी यावे.