बोटांवरचा पहारा

लहान लेकराचं हाड आपोआप जुळतं. हे वाक्य मी बल्लारपुरात दोन दिवसांत निदान दहा जणांकडून ऐकलं, आणि गंमत म्हणजे ते खोटं नाही. मनगटाजवळ मोडलेलं हाड थोडं वाकडं जुळलं तरी मूल वाढता वाढता बरंचसं सरळ होतं. पण माझ्या सहा वर्षांच्या लेकीचं हाड कोपराच्या जरा वर मोडलं होतं. दंडाचं हाड लांबीला वाढतं ते मुख्यतः खांद्याकडच्या टोकाने. कोपराकडच्या टोकाला त्या वाढीचा जेमतेम पाचवा हिस्सा येतो. म्हणून इथे वाकडं बसलेलं हाड वाकडंच राहतं. हे मला चंद्रपूरच्या डॉक्टरांनी एक्स-रे उजेडासमोर धरून सांगितलं, तेव्हा रात्रीचे साडेनऊ वाजले होते. तोवर घरात, दारात आणि फोनवर मिळून निकाल लागून गेला होता.

ती कॉलनीतल्या झोपाळ्यावरून हातावर पडली. पाच ते सात वर्षांच्या मुलांमध्ये कोपर मोडण्याची ही सगळ्यात नेहमीची तऱ्हा. मूल पडताना हात पुढे टेकवतं, कोपर मागे ताणलं जातं, आणि दंडाचं हाड जिथे चपटं, पातळ झालेलं असतं तिथेच ते सुटतं. तिच्या वडिलांची कागद कारखान्यात दुसरी पाळी होती. घरी मी आणि सासूबाई. सासूबाई मूलकडच्या; त्यांच्या गावात हाडवैद्य होता आणि त्याने बांधलेली माणसं त्यांनी डोळ्यांनी पाहिलेली. "पोट्टीच्या हाडात तार घालते म्हनते तो डाक्तर? बांबूच्या कामट्या बांधल्या का महिन्याभरात हात मोकळा होते, बाई." शेजारच्या तेलुगू ताईंनी पुत्तूरचं नाव काढलं. आंध्रातल्या त्या गावी पाल्याचा लेप, अंड्याचा पांढरा बलक आणि बांबू वापरून हाडं बांधतात, दुरून दुरून लोक जातात. बल्लारशाहवरून चेन्नईकडे जाणाऱ्या गाड्या सुटतातच, तेव्हा हा सल्ला वाटतो तितका अचाट नव्हता.

मी हाताखाली उशी ठेवली, ओढणीची झोळी केली आणि रिक्षा बोलावली. विसापूरपर्यंत ती रडत होती. पुढे गप्प झाली, आणि मला ते जास्त जड गेलं.

डॉक्टरांनी सुजलेल्या कोपराला आधी हातच लावला नाही. मनगटावरची नाडी पाहिली. मग तिला म्हणाले, "अंगठा दाखव बरं. आता अंगठा नि बोट जोडून गोल कर. आता बोटं फाकव." मला वाटलं लेकराचं मन रमवतायत. पण हे तिन्ही खेळ म्हणजे हातात उतरणाऱ्या तीन नसांची परीक्षा होती. कोपराच्या अगदी पुढून मोठी रक्तवाहिनी आणि एक मुख्य नस जाते, आणि सरकलेल्या हाडाचं टोक नेमकं त्यांच्यावर येऊ शकतं. गोल तिला नीट जमेना, चोचीसारखं होत होतं. नस दबली आहे, बहुतेक सावरेल, असं ते म्हणाले. नाडी चांगली होती म्हणून ऑपरेशन सकाळी करायचं ठरलं. नाडी नसती तर रात्रीच करावं लागलं असतं.

ऑपरेशनचं मी फार सांगू शकत नाही, कारण मी दाराबाहेर होते. भूल दिल्यावर हात ओढून हाड जागेवर आणतात, एक्स-रेच्या पडद्यावर बघत कातडीतून दोन बारीक तारा आरपार घालतात. चिरा नाही, टाके नाहीत. त्या तारांना किर्शनर या जर्मन सर्जनचं नाव आहे, 1909 पासूनच्या आहेत. सव्वा तासाने ती बाहेर आली, हाताला अर्धं प्लास्टर, आणि तारांची वाकवलेली टोकं पट्टीखाली.

खरं काम त्यानंतर माझं होतं. दर तासाला बोटं बघायची. नख दाबायचं, पांढरं होतं, सोडलं की दोन सेकंदांत गुलाबी व्हायला हवं. बोटं गार, फिकी, बधिर वाटली, औषध देऊनही दुखणं वाढत गेलं, किंवा आपण बोटं सरळ करताना ती किंचाळली, तर रात्री दोनलाही नर्सला उठवायचं. शेवटच्या दोन गोष्टींना सगळ्यात घाबरायचं, असं डॉक्टरांनी बजावलं.

का, ते शेजारच्या खाटेवर होतं. अहेरीच्या पलीकडून आलेला आठ-नऊ वर्षांचा मुलगा. हात मोडल्यावर पाड्याजवळच्या वैद्याने कामट्या आवळून बांधल्या होत्या. सूज आत वाढत गेली, बंध तसाच राहिला. तिसऱ्या दिवशी ते इथे पोचले तेव्हा दाब मोकळा करायला त्याचा हात मनगटापासून वरपर्यंत उघडावा लागला होता. त्याची आई मोडक्या मराठीत सांगत होती, वैद्य शेजारच्या पाड्यात होता, मोटार धरायला मात्र दिवस गेला. तिला कुणी काही बोललेलं मला सहन झालं नसतं. एका वॉर्डबॉयने बोलून घेतलंच.

आणि यात एकट्या बांबूला बोल लावणंही बरोबर नाही. स्नायूंचं रक्त तुटून हात आखडतो, त्या विकाराचं सविस्तर वर्णन फोल्कमान नावाच्या सर्जनने 1881 साली केलं, जर्मनीतल्या हाले गावी, आणि त्याचा रोख फार घट्ट बांधलेल्या पट्ट्यांवरच होता. शिकलेल्या डॉक्टरांनी बांधलेल्या पट्ट्या धरून! आमचं गाव तर बांबूवर जगलं. इथल्या कागदात या जंगलांतला बांबू आहे. कामटी हाताला धरून ठेवते, ते काम ती चांगलं करते. गोल आवळलेला बंध मात्र सुजेला जागा देत नाही.

दुसऱ्या रात्री सासूबाई आल्या. मी त्यांना नख दाबून दाखवलं, तर त्या म्हणाल्या, "हे मले ठाऊक हाय. आमच्या गावचा म्हातारा बांधून गेला का संध्याकाळी पुन्हा ये. बोटं पाहे, काळपट दिसली का दोरी ढिली करे." मी नुसती बघत राहिले. दोन दिवस आम्ही दोघी तार की कामटी यावरच भांडत होतो. त्यांनी मला झोपायला लावलं आणि पहाटेपर्यंत दर तासाला बोटं दाबली. घड्याळ त्यांना नीट कळत नाही. जवळच्या रुळावरून मालगाडी गेली की बघायचं, असा त्यांनी आपला हिशेब धरला. त्या रात्री बोटं तासाला चारदा तपासली गेली असतील.

चौथ्या आठवड्यात बाह्यरुग्ण विभागातच पकडीने तारा काढल्या. ती एकदा ओरडली, मग ट्रेमधल्या तारा निरखत बसली. गोल तोवर जमायला लागलं होतं, अजून थोडं लांबट.

पुढचं भांडण तेलाचं. प्लास्टर निघालं, कोपर आखडलेलं, आणि घरात तिळाचं तेल कोमट होऊ लागलं. डॉक्टरांनी मालिशला आणि हात जबरदस्तीने ताणायला सक्त मनाई केली होती. दुखावलेल्या स्नायूत नको तिथे हाड तयार होऊ शकतं. हे सासूबाईंना पटवणं ऑपरेशनपेक्षा अवघड गेलं. तेल लावू नये ही गोष्ट त्यांच्या सगळ्या आयुष्याच्या विरुद्ध होती. "आई, तिचं तिलाच वळवू द्या," मी रोज म्हणायची. शेवटी डॉक्टरांशी फोनवर बोलणं करून दिलं, तेव्हा त्यांनी निमूटपणे ऐकून घेतलं आणि फोन ठेवल्यावर म्हणाल्या, "आवाजावरून पोरगाच वाटते."

आता त्या डब्यातली चिवड्याची वाटी मुद्दाम वरच्या फळीवर ठेवतात, त्याच हाताने काढायची अशी अट घालून. कोपर अजून शेवटचं थोडं सरळ होत नाही. गरम केलेलं तेल त्या स्वतःच्या गुडघ्यांना चोळतात.