हातखंब्याचा तिठा आणि आकाशातले अंतर
मुंबई-गोवा महामार्गावरील हातखंबा येथे रत्नागिरीची वाट फुटते. रत्नागिरीजवळचे मिरजोळे आणि कोल्हापूरचे उजळाईवाडी या दोन छोट्या विमानतळांमधील हवाई अंतर सुमारे ११० किलोमीटर, म्हणजे लहान विमानाला साधारण अर्ध्या तासाचे. रस्त्याने मात्र पाली, साखरपा, आंबा घाट, मलकापूर असे सुमारे १३० किलोमीटर जाण्यास तीन तास तरी लागतात.

ज्येष्ठांच्या प्रवासाचे गणित किलोमीटरवर नव्हे, तर सलग किती वेळ बसावे लागते यावर मांडावे. विमानाने जातानाही विमानतळ गाठण्याचा व तेथे थांबण्याचा वेळ धरावाच. चार तासांहून अधिक बैठक झाली की पायांच्या शिरांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो. म्हणून घाट चढण्यापूर्वी साखरप्याला उतरून पाच मिनिटे चालावे, बसल्या जागी घोटे फिरवावेत, लघवीच्या धास्तीने पाणी तोडू नये. औषधे हाताशी ठेवावीत. मधुमेह्यांनी जेवणाची वेळ टाळू नये.

प्रवासात वा नंतरच्या काही दिवसांत एका पायाला सूज आली, पोटरी दुखू लागली किंवा एकाएकी धाप लागली, तर थकवा समजून स्वस्थ बसू नये. तत्काळ जवळचे रुग्णालय गाठावे.