सात नंबरच्या रस्त्याने कन्याकुमारीला

विदर्भातील जुनी मंडळी त्याला आजही ‘सात नंबरचा हायवे’च म्हणतात. वाराणसीहून निघून जबलपूर, नागपूर, हैदराबाद, बंगळूर, मदुराई करीत कन्याकुमारीला समुद्रापाशी थांबणारा २,३६९ किलोमीटरचा तो रस्ता देशातील सर्वांत लांब राष्ट्रीय महामार्ग होता. २०१० साली क्रमांक बदलले. आता नागपूरवरून जातो तो ४४ क्रमांकाचा. श्रीनगर ते कन्याकुमारी, साडेतीन हजार किलोमीटरांहून अधिक. मुलांना नकाशावर बोट फिरवायला सांगा, अर्ध्या भूगोलाची उजळणी होते.

नागपूरच्या उत्तरेला, मनसरच्या पुढे पेंचचे जंगल लागते. तेथे वाघ-हरणांना रस्त्याखालून जाता यावे म्हणून नऊ ठिकाणी वाट ठेवली आहे. त्यातील मोठी ७५० मीटरची. चांगले झाले. पण याच चौपदरी रस्त्याने दोन तुकडे केलेल्या गावांत पोरे दप्तर घेऊन दुभाजक ओलांडताना दिसतात, तेव्हा जीव मुठीत येतो.

दक्षिणेला हिंगणघाटचा कापूस, पांढरकवडा, मग पैनगंगा ओलांडली की तेलंगणा. निर्मलला लाकडी खेळणी जरूर घ्यावीत. पुढे गोदावरी, कृष्णा आणि कर्नूलजवळ तुंगभद्रा.

मध्ये टोलनाके येत राहतात. टोलनाका म्हटले की आपल्या वाचकांना १९०१ सालची ती रात्र आठवेलच. मसूर स्टेशनावर उतरून वडिलांकडे गोरेगावला निघालेले बालवयातील बाबासाहेब आणि त्यांची भावंडे. जात कळताच गाडीवान गाडी हाकायला तयार होईना. दुप्पट भाडे देऊन पोरांनीच बैल हाकले. टोलनाक्यावर मुक्काम पडला. डबा भरलेला होता, पाणी मात्र कोणी दिले नाही, म्हणून पोरे उपाशीच झोपली. रस्ता सरकारी होता, टोलही सरकारचा होता.

२०२० च्या टाळेबंदीत हैदराबादकडून याच सात नंबरने मजूर चालत आले. डोक्यावर गाठोडे, कडेवर मूल, आणि जायचे मध्य प्रदेशात, उत्तर प्रदेशात. गाड्यांसाठी बांधलेल्या या रस्त्यावर पायी चालणाऱ्याला सावलीचे झाडही उरलेले नव्हते. जागोजागी लोकांनीच त्यांना भाकरी-पाणी दिले.

बंगळूरनंतर सेलम, मदुराई, तिरुनेलवेली. नागपूरपासून सुमारे १,७५० किलोमीटरवर रस्ता संपतो. पर्यटक सूर्योदय पाहतात, तिरुवळ्ळुवरांचा १३३ फुटी पुतळा पाहतात आणि परततात. पण ही भूमी १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत, म्हणजे नागपूरच्या धम्मदीक्षेनंतरही अठरा दिवस, त्रावणकोरच्या भागात मोडत होती, हे फारसे कोणी सांगत नाही. याच दक्षिण त्रावणकोरात नाडार स्त्रियांना अंगभर वस्त्र घेण्यासाठी झगडावे लागले. १८५९ साली राजाला परवानगीचा जाहीरनामा काढावा लागला. त्याच राज्यात वायकोमच्या मंदिराभोवतालच्या रस्त्यांवरून चालता यावे म्हणून ३० मार्च १९२४ रोजी सत्याग्रह सुरू झाला. दीड वर्षाहून अधिक काळ चालला, पेरियारांनी तुरुंगवास भोगला, तरी पूर्वेकडचा रस्ता बंदच राहिला.

आणि त्याच्याही आधी, १८९३ साली, वेंगानूरचे अय्यंकाली. पुलय समाजातील हा तरुण. त्याच्या जातीला सार्वजनिक रस्त्याने चालण्याचीही मनाई, मग बैलगाडीचे नाव कशाला! त्याने गाडी घेतली, बैल जुंपले, पांढरे धोतर नेसून पागोटे बांधले आणि भर रस्त्याने निघाला.

कन्याकुमारीहून बसने अडीच-तीन तासांत तिरुवनंतपुरम येते. तेथे वेल्लयंबलम चौकात अय्यंकालींचा पुतळा आहे, १९८० साली इंदिरा गांधींच्या हस्ते अनावरण झालेला. मुले बरोबर असतील तर सहलीत एक दिवस जास्त धरावा.